जुना डिटेक्टर घेताना

सेकंडहँड स्कूटर घ्यायची तर आपल्याकडे त्याचं एक शास्त्र ठरलेलं असतं. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यायचा, किक मारून आवाज ऐकायचा, धूर कुठल्या रंगाचा येतो ते बघायचं आणि शेवटी "काहीतरी कमी करा हो" म्हणायचं. सेकंडहँड मेटल डिटेक्टरचं असं शास्त्र मात्र आपल्याकडे नाही, कारण ही वस्तू आपल्या घरात कधी आलेलीच नाही. आपल्याला डिटेक्टर माहीत तो मॉलच्या दारातला, नाहीतर विमानतळावरचा.

इकडे इंग्लंडात तो चक्क छंद आहे. रविवारी सकाळी नांगरलेल्या शेतात कानाला हेडफोन लावून, हातातली काठी जमिनीलगत डावीउजवीकडे फिरवत, कुणीतरी आपल्याच तंद्रीत चाललेलं दिसतं. आम्ही राहतो त्या सफक परगण्यात तर हे दृश्य नेहमीचंच. आणि आता हे खूळ आमच्या भाचेबुवांच्या डोक्यात शिरलंय. वय वर्षं पंधरा, जमवलेली पुंजी दीडशे पौंड. तेवढ्यात नवा घेतला तर अगदी प्राथमिक मिळतो, जुना घेतला तर एक पायरी वरचा मिळू शकतो. "मामा, तुला इतिहासाचं वेड आहे ना, मग तूच सांग कुठला घेऊ," असं म्हणून त्याने सगळा भार माझ्यावर टाकला.

मी मॉडेलांचे तक्ते बघायला बसलो आणि तासाभरात कंटाळलो. मग माझ्या सवयीप्रमाणे त्या यंत्राचाच इतिहास वाचायला घेतला, आणि गंमत म्हणजे उत्तर तिथे सापडलं. या यंत्राच्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी काहीतरी शिकलंय, बरेचदा फार मोठी किंमत मोजून. तेच धडे आज कुणाच्या तरी गॅरेजमध्ये उभं राहून जुना डिटेक्टर तपासताना कामाला येतात.

सुरुवात एका खुनापासून करू. 2 जुलै 1881 रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीतून आत शिरली आणि आतच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. डॉक्टर जखमेत बोटं घालून गोळी चाचपडत होते, आणि ती बोटं धुतलेली असतीलच असं नव्हतं. तेव्हा मदतीला आले अलेक्झांडर ग्रॅहम बेल, म्हणजे आपले टेलिफोनवाले. त्यांनी तारेची वेटोळी अशी जुळवली की एरवी टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये काही ऐकू येऊ नये, पण जवळ धातू आला की तोल बिघडावा आणि आवाज यावा. आजचा डिटेक्टरही मुळात याच तत्त्वावर चालतो. यादवी युद्धातल्या गोळ्या अंगात घेऊन हिंडणाऱ्या जुन्या सैनिकांवर बेलनी त्याची चाचणी घेतली. यंत्र चाललं.

व्हाइट हाउसमध्ये मात्र ते फसलं. 26 जुलै आणि 1 ऑगस्ट असे दोन प्रयत्न झाले, पण आवाज आला तो अस्पष्ट आणि पसरलेला, एका जागी म्हणून काही सांगेना. कारण नंतर कळलं. अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती! दुसरं कारण त्याहून वाईट. मुख्य डॉक्टर ब्लिस यांचं मत ठाम होतं की गोळी उजव्या बाजूलाच आहे, त्यामुळे तपास उजवीकडेच झाला. 19 सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डाव्या बाजूला निघाली.

यातला पहिला धडा सरळ आहे. डिटेक्टर विकणाऱ्याच्या दिवाणखान्यात तपासायचा नाही. फरशीखालच्या सळया, भिंतीतल्या वायरी, टेबलाचे खिळे, खिशातला मोबाइल, सगळे मिळून बेलच्या गादीचं काम करतात. यंत्र बागेत न्यायचं, विजेच्या तारांपासून लांब. खालची चकती (इथे तिला कॉइल म्हणतात) हवेत धरायची, जवळ काही नसताना यंत्र गप्प राहतं का ते ऐकायचं. मग एकेक वस्तू समोरून फिरवायची: लोखंडी खिळा, चांदीची अंगठी, शीतपेयाच्या डब्याची कडी, दोन पेन्सचं नाणं. (नाणं 1992 च्या आधीचं घ्या हो. नंतरची आतून पोलादाची आहेत, वर फक्त तांब्याचा मुलामा.) तीच वस्तू दहा वेळा फिरवली तर दहाही वेळा साधारण तोच सूर यायला हवा. सूर बदलत राहिला तर गोड बोलून निघायचं. उजव्या-डाव्या बाजूचा दुसरा धडा मी शेवटासाठी राखून ठेवलाय.

पुढचा टप्पा कॅलिफोर्नियातला. गेरहार्ट फिशर नावाचे जर्मनीत जन्मलेले अभियंते विमानांसाठी रेडिओवरून दिशा दाखवणाऱ्या यंत्रावर काम करत होते. काही ठिकाणी यंत्र चुकीची दिशा दाखवतं असं त्यांच्या लक्षात आलं. जवळ धातू असला किंवा जमिनीत खनिज असलं की गडबड व्हायची. दुसरा कुणी त्या गडबडीवर चरफडला असता. फिशरनी विचार केला की गडबड करणारी वस्तूच यातून शोधता येईल! 1937 साली त्यांना पेटंट मिळालं आणि धातू शोधणारं यंत्र बाजारात विकायची वस्तू झालं.

पण याचाच उलटा अर्थ असा की नाणं नसतानाही माती स्वतः बोलते. खनिजं जास्त असलेल्या जमिनीत साधं यंत्र उगाच कुरकुरत राहतं. समुद्राकाठी ओल्या खाऱ्या वाळूत तर एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणाऱ्या यंत्राची बडबड थांबत नाही. तिथे एका वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारं यंत्र लागतं, आणि ते महाग. म्हणून "कुठला घेऊ" याच्या आधीचा प्रश्न "कुठे फिरणार" हा आहे. भाच्याला मी तोच विचारला. त्याच्या वर्गमित्राच्या आजोबांचं शेत आहे आणि त्यांनी परवानगी दिली आहे. म्हणजे नांगरलेली साधी माती. अनेक फ्रीक्वेन्सींचे पैसे तिथेच वाचले.

आता युद्ध. हा भाग आपल्या पुण्याच्या लोकांनी तरी वाचायलाच हवा. 1941 च्या जानेवारीअखेर सुदान-अ‍ॅबिसिनियाच्या सरहद्दीवर सेकंड लेफ्टनंट प्रेमींद्रसिंग भगत सैन्याच्या तुकडीपुढे चालले होते. किरकीच्या, म्हणजे आजच्या खडकीच्या, बॉम्बे सॅपर्सबरोबरचे हे अधिकारी. चार दिवस, 55 मैलांचा रस्ता, 15 सुरुंगक्षेत्रं शोधून मोकळी केली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, बरोबरची माणसं गेली, एका कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी बदली माणूस घेतला नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तो मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. त्या काळात सुरुंग शोधायचा म्हणजे डोळे जमिनीला लावायचे, संगिनीने माती टोचायची आणि देवाचं नाव घ्यायचं.

त्याच सुमाराला स्कॉटलंडमध्ये पोलंडच्या निर्वासित सैन्यातले लेफ्टनंट योझेफ कोसात्स्की एक यंत्र जुळवत होते: लांब दांडा, टोकाला चकती, पाठीवर बॅटरीचं ओझं, कानाला हेडफोन. त्यांनी पेटंट घेतलं नाही, यंत्र ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलं. मोबदल्यात राजाचं आभाराचं पत्र मिळालं. 1942 च्या ऑक्टोबरात अल अलामेनच्या लढाईत अशी 500 यंत्रं वापरली गेली आणि सुरुंग काढण्याचा वेग ताशी 100 चौरस मीटरवरून साधारण 200 वर गेला. त्या वाळवंटात भारतीय डिव्हिजनही लढत होती.

कोसात्स्कींच्या यंत्राचं वजन 14 किलोच्या आत होतं आणि तेव्हा ते हलकं समजलं जाई. आज पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात ते सव्वा किलोच्या आसपास असावं, नाहीतर अर्ध्या तासात खांदा भरून येतो आणि छंद माळ्यावर जाऊन पडतो. म्हणून यंत्र नुसतं बघायचं नाही, हातात धरून दहा मिनिटं हवेत फिरवायचं. दांड्याची कुलपं घट्ट बसतात का, कोपराजवळचा आधार डुगडुगत नाही ना, तेही तेव्हाच कळतं.

युद्ध संपलं आणि सैन्याची उरलेली सुरुंगशोधक यंत्रं मोडीच्या भावात बाजारात आली. हौशी लोकांनी ती घेतली. हाच या छंदाचा जन्म. म्हणजे बघा, या छंदातली सुरुवातीची यंत्रं सेकंडहँडच होती! पुढे ट्रान्झिस्टरमुळे वजन उतरलं, 1964 साली टेक्सासात चार्ल्स गॅरेट यांनी आपली कंपनी काढली, आणि 1970 च्या दशकात मोठा फरक पडला. कुठला धातू असावा याचा अंदाज यंत्र देऊ लागलं. लोखंडाला वेगळा सूर, तांब्या-चांदीला वेगळा. नको असलेल्या वस्तूंना गप्प करायची सोयही आली.

नवशिका नेमका इथे घसरतो. कचरा नको म्हणून तो सगळं गप्प करून ठेवतो. पण चॉकलेटचा चांदीचा कागद आणि सोन्याची पातळ अंगठी, दोघांचा सूर जवळजवळ एकच. कचरा पूर्ण बंद केला की सोनंही बंद. म्हणून पहिलं वर्षभर फक्त लोखंड गप्प ठेवावं, बाकी सगळं खणावं आणि कान तयार करावा. तबलजीचा कान जसा रियाजाने तयार होतो तसाच. त्यामुळे वीस प्रकारच्या सेटिंगांपेक्षा चार बटणांचं यंत्र बरं.

गॅरेट कंपनीचं एस 250 हे पिवळं यंत्र याच जातीचं. वजन साधारण 1.2 किलो, फ्रीक्वेन्सी एकच (6.5 किलोहर्ट्झ), चार साधे पेन्सिल सेल, मातीचा तोल कारखान्यातच जुळवून दिलेला. चकती पाण्यात बुडवली तर चालते, वरचा डबा मात्र नाही. जुन्या बाजारात हे भरपूर फिरतं आणि म्हणूनच पारखून घेता येतं.

आता राहिलेल्या तपासण्या एका दमात सांगतो. बॅटरीचं झाकण उघडून हिरवा-पांढरा क्षार साचलाय का बघा. मोठ्या मॉडेलमध्ये आत बसवलेली बॅटरी असेल तर ती किती वर्षांची आहे ते विचारा. चकतीवरचं प्लॅस्टिकचं आवरण काढा, खाली वाळू अडकलेली असते आणि बारीक तडेही तिथेच लपलेले असतात. यंत्र चालू ठेवून चकतीला हलकी टिचकी मारा, केबल दोन्ही टोकांना हलवा. त्यावर आवाज आला तर आत काहीतरी सुटलंय. चकती बदलणं हाच सगळ्यात मोठा खर्च. हेडफोनची खाच तपासा. अनुक्रमांक खरवडलेला असेल किंवा पावती विचारल्यावर माणूस आकाशाकडे बघू लागला तर सोडून द्या. नामवंत कंपन्यांच्या नकलाही बाजारात आहेत आणि चोरीचा मालही. आणि कंपनी हयात आहे का ते बघा. ओरेगॉनमधली व्हाइट्स ही नावाजलेली कंपनी 2020 साली बंद झाली. तिची जुनी यंत्रं उत्तम आहेत, पण बिघडली तर मूळ कंपनी नाही, हे धरूनच भाव करावा.

इथे लेख संपवता आला असता. पण यंत्र पारखणं हा सोपा अर्धा भाग. पोराच्या हातात हे देताना मला खरी काळजी होती ती दुसऱ्या अर्ध्याची.

1970 च्या दशकात हा छंद इंग्लंडात इतका फोफावला की पुरातत्त्ववाले हवालदिल झाले. 1980 साली त्यांनी या छंदाविरुद्ध मोठी मोहीमच उघडली. 1980 च्या दशकात सरे परगण्यातल्या वॉनबरो इथलं रोमन देवळाचं ठिकाण रातोरात लुटलं गेलं, हजारो नाणी कुठे गेली ते कळलंच नाही, आणि जुन्या कायद्यापुढे कुणाचं फारसं काही बिघडलं नाही. त्यातून पुढे 1996 चा ट्रेझर अ‍ॅक्ट आला. 300 वर्षांहून जुन्या सोन्याचांदीच्या वस्तू, नाण्यांचे साठे वगैरे सापडले की 14 दिवसांत कॉरोनरला कळवायचं. संग्रहालयाला हवं असेल तर बाजारभावाने मोबदला, तो शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटून. 2023 साली या व्याख्येत आणखी भर पडली. शिवाय 1997 पासून साध्यासुध्या वस्तूंचीही स्वखुशीने नोंद करायची एक योजना आहे, तिच्यात 15 लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्यात. जमीनमालकाची परवानगी नसेल तर शेतात पाऊल टाकायचं नाही, आणि संरक्षित स्मारकाच्या जागी डिटेक्टर न्यायचाच नाही.

कायद्याने काय फरक पडतो ते सांगण्यापेक्षा दोन माणसांच्या गोष्टी सांगतो. पहिली आमच्याच परगण्यातल्या हॉक्सन गावची. 16 नोव्हेंबर 1992 रोजी एरिक लॉज नावाचे निवृत्त गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. डिटेक्टर त्यांना निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेला. सापडली ती रोमन नाणी आणि चांदीचे चमचे. थोडं काढल्यावर लॉज थांबले. त्यांनी खणणं बंद केलं आणि कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वखात्याची माणसं आली. 15,000 च्या आसपास नाणी आणि 200 च्या आसपास सोन्याचांदीच्या वस्तू निघाल्या, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्या कशा रचल्या होत्या ते कळलं. लाकडी पेटी कुजून गेलेली, तरी कोणती वस्तू कशाशेजारी होती, मध्ये कापड कुठे होतं, गवत कुठे होतं, हे सगळं मातीत वाचता आलं. त्यात मिरपूड ठेवायच्या चार चांदीच्या डब्या आहेत. रोमन लोकांची मिरी यायची आपल्या मलबारातून! पाचव्या शतकाच्या सुरुवातीला सफकमधल्या एका घाबरलेल्या कुटुंबाने आपल्याकडच्या मसाल्याच्या डब्या पुरून ठेवल्या होत्या. लॉजसाहेबांना भरघोस बक्षीस मिळालं, ते त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

दुसरी गोष्ट 2015 ची, हेरफर्डशरमधली. दोघांना नवव्या शतकातला साठा सापडला. त्यातल्या नाण्यांवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्शियाचा राजा असे दोन राजे बरोबरीने होते, म्हणजे त्यांच्या युतीचा सज्जड पुरावा. त्या दोघांनी कळवलं नाही, गुपचूप विकायला काढला. 2019 साली तुरुंगात गेले. साठ्यात 300 नाणी असावीत असा अंदाज आहे, हाती आली ती तीसेक. बाकीचा इतिहास कुणाच्या कपाटात पडलाय, देव जाणे.

दोन्हीकडे यंत्रांनी आपलं काम चोख केलं होतं. धातू आहे, एवढंच ते सांगतात. पुढचं सगळं हातातल्या माणसावर.

आणि आता तो राखून ठेवलेला धडा. डॉक्टर ब्लिसनी यंत्र लावण्याआधीच उत्तर ठरवलं होतं. सोनं हेच उत्तर ठरवून शेतात उतरणाऱ्याचंही तेच होतं. इथून जवळच रेंडलशम गाव आहे. आठव्या शतकात बीड नावाच्या ख्रिस्ती साधूने (आपलं बीड नव्हे!) तिथे राजाचं ठाणं असल्याचं लिहून ठेवलं होतं, पण नेमकी जागा कुणाला माहीत नव्हती. रात्री चोरून खणणाऱ्यांना कंटाळून जमीनमालकाने तक्रार केली, आणि 2008 पासून चार हौशी डिटेक्टरवाले पुरातत्त्वखात्याबरोबर वर्षानुवर्षं तिथली शेतं पायी तपासत राहिले. सापडलेला प्रत्येक तुकडा त्यांनी नकाशावर मांडला, मग तो तुटका बकल असो की बारीकसं नाणं. त्या ठिपक्यांतून राजाचं ठाणं उमटलं. पुढे उत्खननात 2022 साली दरबाराच्या मोठ्या लाकडी दालनाची जागा सापडली. एकेकटा तुकडा विकायला नेला असता तर चहाचे पैसे सुटले असते.

म्हणून दीडशे पौंडांत आम्ही एक जुना एस 250 घेतला. उरलेल्या पैशांत खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारी हातातली छोटी दांडी, एक लहान फावडं आणि एक वही आली. वहीत तारीख, जागेचे आकडे, खोली आणि वस्तू, असे चार रकाने मी आखून दिलेत. काही भरपूर किंवा विचित्र निघालं तर थांबायचं आणि फोन करायचा. जड, गंजकं, बॉम्बसारखं दिसलं तर लांब जाऊन पोलिसांना फोन करायचा, कारण महायुद्धाचे अवशेष इथल्या मातीत अजून आहेत. पहिल्या तीन रविवारची वही माझ्यासमोर आहे: सात खिळे, डब्याच्या चार कड्या, नालेचा तुकडा आणि व्हिक्टोरिया राणीची झिजलेली एक पेनी. खिळेही लिहिलेत, याचा मला पेनीपेक्षा जास्त आनंद झाला.

ता.क. हे वाचून आत्याचा फोन येणार हे मला ठाऊक आहे. वाड्याच्या जोत्याखाली पणजोबांनी मोहरांचा हंडा पुरलाय ही आमच्या घरातली जुनी कथा, आणि डिटेक्टर म्हटल्यावर ती वर येणारच. 2025 च्या मार्चमध्ये 'छावा' बघून बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या शेतांत लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन मोहरा खणत होते, ते आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंच. तर आत्या, आपल्याकडे 1878 चा गुप्तधनाचा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. हंडा निघालाच तर कळवायची तयारी आहे का, ते आधी सगळ्या भावंडांनी ठरवा. तोवर मशीन इकडेच राहू दे.